जिज्ञासू उपासकाने काय वाचावे?

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे परमपूज्य बाबासाहेबांच्या हस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मूर्ती ब्रह्मदेशातून आलेली होती आणि नागपूरच्या धम्मदीक्षेस अद्याप जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता, हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. त्या दिवशीच्या भाषणातील एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. सामान्य माणसास समजेल अशा सोप्या भाषेत बौद्ध धम्म सांगणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. म्हणजे या परिसरास मूर्तीबरोबर एका ग्रंथाचेही वचन मिळाले होते. तो ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला.

त्याच १९५४ साली पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि नंतर चाकण असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर या भागांतून आलेल्या बौद्ध कुटुंबांनी येथे घरे केली, वसाहतींत विहारे उभी केली. अशा विहारांत प्रवचनासाठी जाण्याचा योग आम्हांस येतो. प्रवचन संपले, लोक पांगले, की कुणीतरी एक जण हमखास मागे रेंगाळतो आणि म्हणतो, “सर, पाळीच्या नोकरीत वाचायला वेळ थोडा. एकच पुस्तक सांगा.”

प्रश्न प्रामाणिक असतो. तरीही आम्ही एक पुस्तक सांगत नाही, दोन सांगतो. त्यामागची भूमिका प्रस्तुत लेखात मांडावी, आणि त्या निमित्ताने काही ग्रंथांचा गुणदोषांसह परिचय करून द्यावा, असा हेतू आहे.

एकच पुस्तक मागणारा वाचक बहुधा आपल्या मतास दुजोरा मागत असतो. तो मिळाला की पुस्तक मस्तकी लावले जाते, कापडात बांधले जाते, आणि वाचन तेथेच थांबते. दुसरे पुस्तक जवळ असले, आणि ते पहिल्याशी पूर्ण सहमत नसले, तर वाचकास स्वतः निवाडा करावा लागतो. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील केसमुत्ति सुत्तात तथागतांनी कालामांना हेच सांगितले आहे. एखादी गोष्ट पिटकात आहे एवढ्याने, किंवा सांगणारा श्रमण आपला गुरू आहे एवढ्यानेही, ती स्वीकारू नये. तिचे परिणाम स्वतः पारखावेत.

बाबासाहेबांचे आचरणही असेच होते. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी तयार केलेले, पण होऊ न शकलेले जातिनिर्मूलनावरील भाषण त्यांनी १९३६ साली स्वतः छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आणि तिला दिलेले आपले उत्तर, दोन्ही समाविष्ट केली. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यात बांधून वाचकाच्या हाती देणारा हा लेखक आहे. त्याच्या अनुयायांनी प्रतिपक्षाच्या पुस्तकास भिण्याचे कारण नाही.

पहिली जोडी अर्थातच दोन बुद्धचरित्रांची: धर्मानंद कोसंबी यांचे ‘भगवान बुद्ध’ आणि बाबासाहेबांचे ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही कथा दोघांनाही मान्य नाही. ‘महापदान सुत्ता’त ती विपस्सी बुद्धाविषयी आहे आणि पुढे गोतमाच्या चरित्रास चिकटली, हे कोसंबी दाखवून देतात. शस्त्रधारणेतून भय कसे उपजले आणि आपसांत झगडणारी माणसे पाहून आपल्यास उद्वेग कसा आला, हे सांगणारे ‘सुत्तनिपाता’तील अत्तदण्ड सुत्त घेऊन ते शाक्य-कोलियांच्या भांडणाकडे वळतात. बाबासाहेबांनी त्याच रोहिणीच्या पाण्याच्या वादातून शाक्य संघाची सभा, युद्धाचा ठराव आणि सिद्धार्थाचा विरोध असा प्रसंग उभा केला आहे.

येथे पालीच्या अभ्यासकाने एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अट्ठकथांमध्ये रोहिणीचे भांडण संबोधीनंतरचे आहे. स्वतः बुद्ध तेथे जाऊन ते मिटवतात. ते गृहत्यागापूर्वी आणणे हे अनुमान आहे, प्रत्यक्ष पुरावा नव्हे. अनुमान सयुक्तिक आहे असे आमचे मत आहे. परंतु वाचकास ते अनुमान म्हणूनच माहीत असावे. दोन्ही ग्रंथांच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. कोसंबींचा आधार प्रामुख्याने पाली वाङ्मयाचा आहे, आणि जातिभेदावर त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले असले तरी त्यात अभ्यासकाचे अंतर जाणवते. बाबासाहेबांच्या मूळ आवृत्तीत आधारग्रंथांचे संदर्भ दिलेले नाहीत. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवादाच्या वेळी ते परिश्रमाने शोधले. परंतु गृहत्यागाचे कारण, चार आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म, आणि भिक्खूचे प्रयोजन, हे चार प्रश्न ज्या निर्भयतेने बाबासाहेब प्रास्ताविकात विचारतात, ती कोसंबींत नाही. आणि त्या प्रश्नांच्या उकलीस वाचकांनीही हातभार लावावा, अशी अपेक्षा ते तेथे व्यक्त करतात. ही अपेक्षा किती वाचकांनी मनावर घेतली?

दुसरी जोडी ‘थेरीगाथा’ आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९). दोन ग्रंथांमध्ये दोन सहस्रकांहून अधिक अंतर आहे. तरी दोन्हींत स्त्रिया स्वतःविषयी स्वतः बोलतात. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. थंडीत ती नदीत उतरते ती मालकिणींच्या माराच्या आणि बोलण्याच्या भीतीने. तेथे पाप धुण्यासाठी बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, की पाण्याने शुद्धी होत असेल तर मासे-बेडूकही स्वर्गास का जाऊ नयेत? पवार-मून यांच्या ग्रंथात बाबासाहेबांच्या चळवळीतील स्त्रियांचा इतिहास आणि त्यांच्या मुलाखती आहेत. सभा-परिषदांच्या वृत्तांतांत ज्यांची नावे क्वचितच येतात, त्या येथे बोलतात.

ही जोडी लावण्यामागे आणखी एक कारण आहे. पुण्णिका दासी का झाली याचे उत्तर गाथेत नाही. ते धम्मपालाच्या अट्ठकथेत आहे: पूर्वजन्मीच्या अहंकारामुळे! बाबासाहेबांचा तिसरा प्रश्न नेमका येथेच लागू पडतो. गुलामीचे मूळ गतजन्मात शोधले की मालक सुटतो. चळवळीतील स्त्रियांनी आपल्या दुःखाचे असे कारण स्वीकारले नाही, म्हणूनच त्या घराबाहेर पडल्या. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवले म्हणजे गाथा कोणती आणि भाष्य कोणते, हा विवेक सामान्य वाचकासही साधतो. आमच्या मते उपासिका संघांनी वाचनाचा आरंभ याच जोडीने करावा.

तिसरी जोडी काहींना रुचणार नाही. देहूरोडच्या त्याच भाषणात, पंढरपूरची मूर्ती ही मुळात बुद्धमूर्ती आहे आणि आपण ते लिहून सिद्ध करणार आहोत, असे बाबासाहेबांनी सांगितले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निर्वाण झाले आणि ते लेखन पूर्ण होऊन लोकांपुढे येऊ शकले नाही. पुढे १९८४ साली रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ आला, १९८७ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव, पुढे त्याचे वैष्णवीकरण झाले, असा ढेरे यांचा निष्कर्ष आहे. विठ्ठलास बुद्ध म्हणण्याच्या संतपरंपरेची आणि नवव्या अवताराच्या जागी विठ्ठल दाखवणाऱ्या चित्रांची नोंदही ते प्रांजळपणे घेतात.

देहू आणि आळंदी याच पट्ट्यात आहेत. दरवर्षी पालख्या निघतात तेव्हा हा वाद वस्त्यांत आणि कंपन्यांच्या उपाहारगृहांत रंगतो; दोन्ही बाजूंनी आवाज चढतो, पुरावा मात्र कुणी मांडत नाही. पालीत ‘पुण्डरीक’ म्हणजे पांढरे कमळ हे खरे. पण तेथून ‘पांडुरंग’पर्यंतची वाट ध्वनिसाम्यावर चालून जाता येत नाही. बाबासाहेबांनी ते मत पुराव्यानिशी लिहिण्याचे योजले होते, याचा अर्थ पुराव्याची गरज त्यांना मान्य होती. त्यांचे मत घोषणेसारखे उच्चारणे सोपे आहे. त्यांचे अपुरे राहिलेले काम पुढे नेणे कठीण आहे. ते करावयाचे असेल तर ढेरे वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

याचा अर्थ ढेरे यांचे सर्व म्हणणे स्वीकारावे असा नव्हे. ‘महासमन्वय’ या शब्दाविषयीच आमचा आक्षेप आहे. कोण कोणात, आणि कोणाच्या अटींवर मिसळले, हा प्रश्न त्या गोड शब्दाखाली झाकला जातो. चोखोबांची समाधी महाद्वारी पायरीपाशीच राहिली, आणि अस्पृश्यांना ते मंदिर उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. समन्वयाच्या इतिहासात या गोष्टींचा हिशेब ठेवावाच लागेल.

चौथी जोडी कामगार वाचकांसाठी. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ सालचा. शीर्षककथेतील तरुण गुजरातेत उधना येथे रेल्वेच्या नोकरीवर जातो, खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि अखेर ती कळल्यावर मार खातो. त्याचा सहकारी काशिनाथ मात्र जात लपवीत नाही. नव्या गावी खोली शोधताना आडनाव विचारले गेले म्हणजे काय वाटते, हे आमच्या कित्येक वाचकांस सांगावयास नको. या कथेसोबत वर उल्लेखिलेले जातिनिर्मूलनावरील भाषण वाचावे. जात ही केवळ कामांची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच फाळणी आहे, हा त्यातील विचार उधन्याच्या कथेत हाडामांसाचा होतो. कथा एकटी वाचली तर संताप उरतो, भाषण एकटे वाचले तर युक्तिवाद पाठ होतो. दोन्ही एकत्र वाचली म्हणजे यंत्रावर शेजारी उभा असलेला माणूस खोलीच्या दारात परका का होतो, हे कळू लागते.

शेवटची जोडी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे इंग्रजी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) आणि शरद पाटील यांचे ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’. कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडले. वाटा, देवस्थाने, दगडी हत्यारे पाहून इतिहास लिहावा कसा, हे त्यांनी दाखवले. परंतु जातीस ते वर्गाचेच आदिम रूप मानतात, आणि तेथे आमचे त्यांच्याशी जुळत नाही. जात वर्गात विरघळवून टाकता येत नाही, हे शरद पाटील पाली साधनांचा आधार घेऊन मांडतात. त्यांची भाषा अतिशय कठीण आहे, हा दोष कबूल केलाच पाहिजे.

हे दोन ग्रंथ वाचणाऱ्याने जवळची लेणीही पाहावीत. देहूरोडच्या पुढे शेलारवाडीस एका लेण्याचे दान धेनुकाकटच्या नांगरधारी कुटुंबातील सिअगुटणिका या गृहिणीने केल्याचा लेख आहे. कार्ल्यास दाराचे काम करणाऱ्या सामि नावाच्या सुताराचा लेख आहे. तेथील शब्द ‘वढकि’, पालीतील ‘वड्ढकि’. चाकणवरून नाशिक रस्त्याने जुन्नरास गेले, तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या दानाची नोंद सापडते. शेतकरी, सुतार, कासार यांच्या हातांनी आणि पैशांनी हा धम्म या डोंगरांत उभा राहिला होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांचे हे लेख आजच्या कारागिरांच्या वाटेवरच आहेत.

एक व्यवहार्य सूचना करून थांबतो. वर्षावासाच्या तीन महिन्यांत बहुतेक विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. ही प्रथा चांगली आहे. ती चालू राहावी. उरलेल्या नऊ महिन्यांत प्रत्येक विहाराने एक जोडी घ्यावी. या पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्या संध्याकाळी दोन तास पुरेत. एकाने पहिल्या पुस्तकाची बाजू मांडावी, दुसऱ्याने दुसऱ्याची, आणि पुढच्या गुरुवारी दोघांनी बाजू बदलाव्यात. पुस्तके महाग वाटली तर पाच-सहा घरांनी मिळून एक संच घ्यावा. एका कपाटात पडून राहण्यापेक्षा सहा घरांत फिरलेले पुस्तक अधिक वाचले जाते.

आणि पुढच्या प्रवचनानंतर मागे थांबणाऱ्या बंधूने आम्हांस एकच पुस्तक विचारण्याऐवजी, वाचलेल्या दोहोंपैकी कोणते पटले नाही आणि का, ते सांगावे. त्याचे म्हणणे ऐकण्यास आम्ही उत्सुक आहोत.