कायमचा बाप : ली जे. कॉब

1939 साली 'गोल्डन बॉय' या चित्रपटात ली जे. कॉबने विल्यम होल्डनच्या बापाचं काम केलं, तेव्हा तो स्वतः सत्तावीस वर्षांचा होता आणि होल्डन एकवीस. पोराने मुष्टियुद्धाच्या नादी लागू नये, व्हायोलिन वाजवावं म्हणून धडपडणारा हा इटालियन बाप. लहानपणी कॉब स्वतः व्हायोलिन वाजवायचा, पण मनगट मोडलं आणि ते सुटलं. पडद्यावर व्हायोलिन हाती आलं तेही पोराला देण्यापुरतं. पुढची जवळजवळ सगळी कारकीर्द हा नट वयाने पुढेच धावत राहिला. 1958 च्या 'मॅन ऑफ द वेस्ट'मध्ये तर तो गॅरी कूपरचा काका झाला, आणि कूपर त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा!

हॉलिवूडच्या स्टुडिओंना असे नट नेहमीच लागत. नायक एक, पण पोलीस अधिकारी, डॉक्टर, संपादक, गावगुंड, न्यायाधीश हे डझनांनी. कॉबचा दांडगा देह, पडलेले गाल आणि छातीतून येणारा आवाज यांतल्या कुठल्याही साच्यात बसायचा. 'बूमरँग'मध्ये तो पोलीसप्रमुख, 'कॉल नॉर्थसाइड 777'मध्ये संपादक. 'अ‍ॅना अँड द किंग ऑफ सियाम'मध्ये त्याला रंग फासून उघड्या अंगाने सयामचा प्रधान केलं, ते आज बघवत नाही. ज्यूल्स दासँच्या 'थीव्ज हायवे'तला सॅन फ्रान्सिस्कोच्या फळबाजारातला लबाड दलाल मात्र अस्सल आहे. समोरच्याला लुबाडताना तो इतका खुशीत असतो की आपल्यालाही क्षणभर त्याचा व्यवहार पटतो.

पण ही सगळी पोटापाण्याची कामं. मूळ माणूस रंगभूमीचा, न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटरमधला. नटाने भावना आतून शोधावी हा त्या मंडळींचा आग्रह, पण शोधलेलं शेवटच्या रांगेपर्यंत पोचायलाही हवं. आतलं सत्य आणि शेवटची रांग या दोन मागण्यांची ओढाताण कॉबच्या अभिनयात शेवटपर्यंत दिसते. मध्यशतकातल्या अमेरिकन अभिनयाचा पेच समजून घ्यायला मार्लन ब्रँडोपेक्षा कॉब जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे. ब्रँडोने तो पेच सोडवूनच टाकला. कॉब त्यात अडकून राहिला, आणि अडकलेल्या माणसाच्या हालचालींतून गाठ नीट दिसते.

10 फेब्रुवारी 1949 ला ब्रॉडवेवर 'डेथ ऑफ अ सेल्समन'चा पहिला प्रयोग झाला, दिग्दर्शक एलिया कझान. नाटककार आर्थर मिलरच्या डोक्यातला नायक विली लोमन चणीने लहान होता. कॉब ठरल्यावर संहितेतली त्याला खुजा म्हणून हिणवणारी जागा बदलावी लागली, तिथे वॉलरस आला. तालमीचे सुरुवातीचे दिवस कॉब नुसता पुटपुटत बसायचा. मिलरला वाटलं, नाटक बुडालं. मग एके दिवशी तो उठला, बोलू लागला, आणि तालमीतल्या सगळ्यांना विली दिसला. या वेळी कॉब सदतीस वर्षांचा, विली त्रेसष्टचा. नाटकाचे 742 प्रयोग झाले. कॉबने मात्र वर्षाच्या आतच भूमिका सोडली. 1951 च्या चित्रपटात विली केला फ्रेड्रिक मार्चने. त्यातला विली सुरुवातीपासूनच वेडसर वाटतो. मिलरला तो मुळीच रुचला नाही आणि त्याची तक्रार रास्त होती.

मग ती चौकशी. अमेरिकी काँग्रेसच्या कम्युनिस्टविरोधी समितीपुढे कॉबने दोनेक वर्षं तग धरला. काम मिळेना, बायको आजारी, कर्ज वाढलेलं. जून 1953 मध्ये त्याने साक्ष दिली आणि वीस जणांची नावं घेतली. कझान आणि पटकथाकार बड शुलबर्ग यांनी ते आधीच केलं होतं. पुढच्याच वर्षी या तिघांचा 'ऑन द वॉटरफ्रंट' आला, ज्यात साक्ष देणारा माणूस नायक ठरतो. त्यात कॉबच्या वाट्याला आला जॉनी फ्रेंडली, म्हणजे ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची तो गोदीतला दादा. कॉबच्या परिस्थितीचा कळवळा मला येतो, पण त्या वीस जणांचं काय झालं हा प्रश्न त्याने मिटत नाही.

फ्रेंडलीच्या अड्ड्यावरचा सुरुवातीचा प्रसंग पाहा. ब्रँडोच्या टेरीला तो नोटा मोजायला देतो, टेरीचा हिशेब चुकतो. फ्रेंडली त्याची थट्टा करतो, लाडाने जवळ ओढतो, बक्षिसाची नोट त्याच्या अंगात कोंबतो. हा खलनायकही बापच आहे, पोरांना पोसणारा आणि त्यांच्या मुंड्या हातात ठेवणारा. त्या वर्षी सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी या एकाच चित्रपटातून कॉब, कार्ल माल्डन आणि रॉड स्टायगर अशी तीन नामांकनं होती. तिघांची मतं फुटली असणार. पारितोषिक गेलं एडमंड ओब्रायनकडे.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' मुळात रेजिनाल्ड रोझने 1954 मध्ये सीबीएसच्या 'स्टुडिओ वन' या मालिकेसाठी लिहिलेलं टेलिव्हिजन नाटक. 1957 च्या चित्रपटाचा दिग्दर्शक सिडनी ल्युमेटही टेलिव्हिजनमधूनच आलेला, हा त्याचा पहिला चित्रपट. कथा पुढे सरकते तसतशा त्याने लांब पल्ल्याच्या लेन्स वापरल्या आणि कॅमेरा डोळ्यांच्या पातळीखाली उतरवत नेला. ज्यूरीची खोली आखडत जाते, छत डोक्यावर येतं, आणि तिसऱ्या ज्यूररचा, कॉबचा, घामाने डबडबलेला चेहरा पळायला जागा न उरून आपल्यासमोर येतो. मारामारीतून पळालेल्या नऊ वर्षांच्या पोराला 'मर्द' करायला निघालेला हा बाप. सोळाव्या वर्षी त्या पोराने त्याच्याच जबड्यावर ठोसा मारला. अखेरीस सगळे गप्प असताना तो एकटाच आरोपीविरुद्धचे पुरावे घोकत राहतो. पाकिटातला मुलाबरोबरचा फोटो समोर येतो. तो फाडतो आणि कोसळतो. हे रडणं मोठं आहे, थेट शेवटच्या रांगेसाठीचं. तरी खोटं वाटत नाही, कारण दीड तास कॅमेऱ्याने त्याला कोंडत आणलेलं असतं. आपल्याकडे बासू चटर्जींच्या 'एक रुका हुआ फैसला'त हीच भूमिका पंकज कपूरने केली. कॉबचा धिप्पाड देह नसताना त्याने तो संताप गळ्यावर आणि मानेच्या शिरांवर तोलला. दोन्ही लागोपाठ पाहावेत.

कोंडणारा दिग्दर्शक नसला की कॉब सुटायचा. 1958 च्या 'द ब्रदर्स कारामाझोव'मधला त्याचा फ्योदोर इतका आरडाओरडा करतो की बापाचा खून होतो तेव्हा कानांना बरं वाटतं. नामांकन त्यालाही मिळालं!

1962 मध्ये तो 'द व्हर्जिनियन' या एनबीसीच्या मालिकेत जज गार्थ झाला. दर आठवड्याला दीड तासाचा रंगीत वेस्टर्न म्हणजे दर आठवड्याला एक चित्रपटच. शायलो रँचचा हा शहाणा मालक व्हरांड्यात उभा राहून सल्ला देतो, भाग संपतो. कॉबला या कामात राम वाटत नव्हता आणि चौथ्या हंगामात त्याने ते सोडलं. टेलिव्हिजनने चांगला नट कसा वाया घालवला याचा दाखला म्हणून ही मालिका हमखास पुढे केली जाते.

ते अर्धंच खरं. कारण 8 मे 1966 ला सीबीएसने 'डेथ ऑफ अ सेल्समन' दाखवलं, दिग्दर्शक अ‍ॅलेक्स सेगल. विली कॉबच, त्याची बायको लिंडा पुन्हा मिल्ड्रेड डनॉक. आता तो चोपन्न वर्षांचा होता, हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेला. वय लावावं लागत नव्हतं. नोकरी मागायला तरुण मालकापुढे आलेला विली आठवड्याच्या पासष्ट डॉलरवरून पन्नासवर आणि मग चाळीसवर येतो. एवढा थोरला देह एका टेबलापुढे लहान होत जातो. मिलरच्या मनातला लहान चणीचा विली इथे कॉबच्याच अंगातून बाहेर पडतो. चित्रपटाने जे गमावलं, ते टेलिव्हिजनने टेपवर जपून ठेवलं.

1968 मध्ये 'कोलंबो'च्या लेखकांना कोलंबो या पोलिसाच्या भूमिकेसाठी कॉब हवा होता. तो मोकळा नव्हता, कोलंबो पीटर फॉकचा झाला. पण 1973 च्या 'द एक्झॉर्सिस्ट'मधला लेफ्टनंट किंडरमन पाहिला की काय झालं असतं याचा अंदाज येतो. कथेतल्या एका चित्रपट-दिग्दर्शकाच्या खुनाचा तपास करत तो नटीच्या घरी जातो, कॉफी घेतो, इकडचं तिकडचं बोलतो, मधूनच एक टोचणारा प्रश्न विचारतो. निघताना संकोचून स्वाक्षरी मागतो, म्हणे मुलीसाठी. मग कबूल करतो, स्वतःसाठीच. आवाज चढत नाही, हात उगारला जात नाही. सैतानाच्या हैदोसात हे दृश्य ज्यांना रटाळ वाटतं, त्यांनी ते एकदा केवळ कॉबसाठी पाहावं. त्या चित्रपटातून सहायक अभिनेत्याचं नामांकन जेसन मिलरला मिळालं. कॉबचं नाव यादीत नव्हतं.