अक्षरांना कुलूप

दिवाळी अंकासाठी एखाद्या कथासंग्रहाचे परीक्षण लिहावे, अशी संपादकांची अपेक्षा होती. मी लिहितो आहे ते मात्र एका फायलीचे परीक्षण. वाचकांनी रागावू नये. ती फाईल माझ्या वडिलांच्या आठवणींची आहे.

१९९८ साली त्यांनी त्या एका डीटीपीच्या दुकानात टाईप करून घेतल्या. परवा फाईल उघडली, तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता चिवडा! कारण उमगले तेव्हा मी थक्क झालो. त्या फायलीत मराठी कधी नव्हतेच. रोमन अक्षरांना देवनागरीचे अंगरखे चढवले होते. अंगरखा म्हणजे विकतचा फाँट, आणि तोही डोंगलचे कुलूप लावल्यावाचून चालत नसे. दुकान गेले, डोंगल गेला, अंगरखे उतरले.

वास्तविक १९९१ सालीच युनिकोडने देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले होते, ‘क’चा २३२५. ते फायलीत साठवण्याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाईक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसून आखली. तिला कोणी मालक नाही. दोषही सांगतो : रोमन अक्षर एका बाइटात मावते, आपल्या ‘क’ला तीन लागतात. लागेनात का! घर तर स्वतःचे झाले.

मग जुन्या संगणकावर लिनक्स घातले, अगदी साधा मजकूर-संपादक घेतला, आणि भाच्याला हाताशी धरून चिन्हांचा तक्ता करू लागलो. जुनी छापील चार पाने शिल्लक होती, त्यांच्याशी ताडून. ऱ्हस्व वेलांटीने फार छळले. जुन्या फाँटात ती डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाआधी येई. युनिकोडात उच्चाराप्रमाणे नंतर येते. पहिल्या खेपेस वडिलांच्या कवितेची ‘किवता’ झाली.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. तेव्हापासून त्या पंथाला ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, हे जगाला समजावत बसावे लागते. आपल्याकडे मुक्त वेगळे, मोफत वेगळे. भाषेने आपली सोय आधीच करून ठेवली आहे. तरी आमच्या घरी विचारलेच, “फुकटचे आहे, टिकेल का?” प्रश्न अगदीच चुकीचा नाही. माझ्या संगणकावरचा शुद्धलेखन-तपासनीस ‘आजोबांकडच्या’ या निरुपद्रवी शब्दाखाली लाल रेघ ओढतो, आणि बाहेरून आलेल्या पत्राची मांडणी विस्कटते. पैसे मोजलेल्या प्रणालीत हे लाड अधिक पुरवले जातात, हे मला नाकारता येत नाही. पण लाल रेघेखाली शब्द निदान शाबूत असतो.

आता आठवणी वाचता येतात. फक्त सदतिसाव्या पानावरचे एक चिन्ह उलगडत नाही. छापील पानांत ते कुठेच नाही. आई म्हणते, तो ‘वाङ्मया’तला ‘ङ’ असावा. तो शब्द ते कधी चुकवीत नसत.