बाग कुणाच्या उंचीची?

येवल्यात संक्रांत तीन दिवस चालते. भोगी, संक्रांत आणि कर. या तीन दिवसांत गाव रस्त्यावर कमी आणि गच्चीवर जास्त असतं. आजोबांच्या हातात आसारी असते, आत्या तिळगुळाचं ताट घेऊन वर आलेली असते, आणि ज्याला अजून पतंग उडवता येत नाही अशा चार वर्षांच्या पोरालाही कुणीतरी दोरा धरायला देतं. नायलॉन मांजाची भीती आहेच. बंदी असूनही तो मिळतो. कठड्यावर वाकणाऱ्या पोरांवर दिवसभर ओरडावं लागतं. तरी या तीन दिवसांत मोठी माणसं एक गोष्ट मनापासून करतात : खेळासाठी जागा मोकळी करतात.

चौथ्या दिवशी गच्चीच्या दाराला कडी लागते. गल्लीत खेळावं तर मोटारसायकली, घरात खेळावं तर माग. मग मोठ्यांच्या तोंडून एक ठरलेलं वाक्य येतं : “बागेत जाऊन खेळा ना!”

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. आपल्याकडे पुस्तकाचं परीक्षण होतं, सिनेमाचं होतं, आता वडापावच्या गाडीचंही होतं. बागेचं मात्र फक्त उद्घाटन होतं. निधी किती, जागा किती, फीत कुणाच्या हस्ते कापली, एवढं छापून आलं की विषय संपला. पण बागही कुणीतरी विचार करून (किंवा न करता) रचलेली गोष्ट असते. तिचा नायक कोण, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. तेव्हा ती वाचून बघायला काय हरकत आहे?

गुडघ्यावर बसून

नेदरलँड्समधली व्हॅन लीअर फाउंडेशन ही संस्था ‘अर्बन ९५’ नावाचा उपक्रम चालवते. ९५ सेंटिमीटर म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची साधारण उंची. शहरं चालवणाऱ्यांना ही संस्था विचारते, की या उंचीवरून शहर पाहिलंत तर तुम्ही काय बदलाल? पुणे शहरही या उपक्रमात सहभागी झालं होतं. प्रश्न साधा आहे, आणि तो विचारायला महानगर लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही नव्या बागेत जाऊन गुडघ्यावर बसलं तरी पुरे.

समोर काय दिसतं? आधी कमान. तिच्यावरचं नाव ९५ सेंटिमीटरवरून वाचता येत नाही, आणि वाचणारा अजून बालवाडीतही गेलेला नसतो. मग पेव्हर ब्लॉक. मग रंगीत मोठ्या अक्षरांतला सेल्फी पॉइंट. मग लोखंडी कुंपणाच्या आतली हिरवळ, आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी. मग ओपन जिमची यंत्रं, ज्यांवर मुलं चढतात कारण तीच सावलीत असतात. सगळ्यात शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात, घसरगुंडी, दोन झोके, एक सी-सॉ. कॅटलॉगमधून निवडलेला तोच संच सिन्नरला बघा, कोपरगावला बघा, वैजापूरला बघा.

मे महिन्यात येवल्याचा पारा चाळिशीला टेकतो. दुपारी तीनला घसरगुंडीच्या पत्र्यावर तळहात ठेवून बघा, बाग कुणासाठी आहे ते कळेल. संध्याकाळी सहानंतर ती वापरता येते, पण तेव्हा मोठ्यांचा फेरफटका सुरू झालेला असतो आणि मोठ्या मुलांचं क्रिकेटही. तीन वर्षांच्या मुलाच्या वाट्याला दिवसातला साधारण अर्धा तास येतो, तोही आईचा हात धरून.

हिरवळीबद्दल आणखी एक. येवला तालुक्यातल्या कित्येक गावांना उन्हाळ्यात पिण्याचं पाणी टँकरने द्यावं लागतं. अशा ठिकाणी रोज पाणी मागणारं आणि पाय न लावण्याचं गवत लावणं ही नुसती उधळपट्टी नाही, चुकीची निवडही आहे. वाळूला पाणी लागत नाही. एकदा मूळ धरलेल्या कडुनिंबालाही फारसं लागत नाही. आणि लहान मुलाला या दोन्हींत गवतापेक्षा जास्त काम सापडतं.

जत्रा आणि अंगण

इथे कुणी म्हणेल, एवढं काय, रविवारी बागेत गर्दी असते, लोक खूश असतात. खरं आहे. ती खुशी खोटी नाही. म्हणून दोन प्रकार वेगळे करायला हवेत.

एक बाग जत्रेसारखी असते. मुंबईत मलबार हिलवर कमला नेहरू पार्कमधला ‘म्हातारीचा बूट’ आठवा. एका इंग्रजी बालगीतातल्या म्हातारीचं ते घर. मुंबईबाहेरून आलेल्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांच्या अल्बममध्ये त्या बुटाच्या खिडकीतून डोकावणारं पोर सापडतं. पुण्याची पेशवे पार्कमधली ‘फुलराणी’ १९५६ साली सुरू झाली. त्या छोट्या गाडीत बसलेली मुलं आज आजी-आजोबा आहेत. ही ठिकाणं वर्षातून एकदा जायची. तिथे जायला बस पकडावी लागते, डबा बांधावा लागतो, नवे कपडे घालावे लागतात. ते अप्रूप हाच त्यांचा खेळ. त्यांना रोजच्या खेळाचे निकष लावणं अन्याय होईल.

दुसरी बाग अंगणासारखी असते. रोजची, जवळची, नाव नसलेली. तिच्यात बघण्यासारखं काही नसतं, करण्यासारखं असतं. ॲम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हॅन आइक या वास्तुरचनाकाराने १९४७ साली अशी पहिली जागा केली. युद्धानंतरच्या त्या शहरात रिकामे प्लॉट होते, मुलं खूप होती आणि पैसा कमी होता. त्याने काय ठेवलं? वाळूचा हौद, त्याला बसता येईल असा रुंद काँक्रीटचा काठ, उड्या मारायला काही गोल ठोकळे, लोंबकळायला वाकवलेल्या नळ्या. हत्ती नाही, जिराफ नाही, कार्टून नाही. नळीचा घोडा करायचा की घर, ते मुलाने ठरवायचं. पुढच्या तीस वर्षांत ॲम्स्टरडॅममध्ये अशा सातशेहून अधिक जागा झाल्या. बहुतेक गल्लीच्या तोंडाशी, कुंपणाशिवाय.

आपल्या नव्या बागांची अडचण ही, की त्या दोन्हींतल्या कुठल्याच नाहीत. जत्रेचं अप्रूप त्यांच्यात नाही, कारण फायबरचा तोच जिराफ शेजारच्या गावातही आहे. आणि अंगणाची जवळीकही नाही, कारण जिथे जागा मोकळी सापडली तिथे त्या केलेल्या असतात, म्हणजे बहुधा घरांपासून लांब.

किती पावलांवर?

येवल्यात हा लांबपणा जास्त टोचतो, कारण हे विणकरांचं गाव आहे. पैठणी इथे घराघरांत विणली जाते. विणणारा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो, घरातलं दुसरं कुणी कांड्या भरतं. एका साडीला कित्येक आठवडे लागतात, पदरावर मोर आणि मुनिया भरगच्च असतील तर महिने. अशा घरातल्या आईला संध्याकाळी साडेपाचला उठून, पोराला तयार करून, किलोमीटरभर लांबच्या बागेत नेऊन तासभर बाकावर बसता येईल का? बाकावर बसलेली आई हे बागेच्या आराखड्यातलं चित्र आहे. मागावरच्या घरात ते जुळत नाही.

तिथे पोराला नेते ती ताई. आठ-दहा वर्षांची, कडेवर भाऊ. कुठल्याही गावातल्या बागेत ती दिसेल, फक्त बघायची सवय हवी. भावाला झोक्यावर बसवून ती स्वतः झोका देत उभी असते. शेजारचा झोका रिकामा झाला तरी तिला बसता येत नाही, कारण भाऊ पडेल. दोन मुलं एकत्र बसू शकतील असा रुंद झोका, किंवा ती काठावर बसून बघू शकेल आणि तिचेही हात वाळूत जातील असा हौद असता, तर ती सांभाळणारी न राहता काही वेळ मूल झाली असती. आपल्या बागा मूल आणि पालक एवढं दोघांचंच कुटुंब धरून चालतात. या मुलीची मोजणी कुठल्याच रकान्यात नाही.

हे उत्तर आपल्याला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवली, म्हणजे जिथे मूल आहे तिथे शाळा. आज देशभर वापरला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच वाटेवरचा आहे. शिक्षणाबाबत जे ऐंशी वर्षांपूर्वी सुचलं ते खेळाबाबत का सुचू नये? मागावर बसलेल्या आईची हाक पोचेल इतक्या अंतरावर, गल्लीच्या तोंडाशी, एक झाड, त्याला पार, थोडी वाळू आणि मोटारसायकल आत येऊ नये म्हणून दोन दगड. भारतातल्या जुन्या शहरांविषयी पॅट्रिक गेडीस शंभर वर्षांपूर्वी जवळपास हेच सांगत होता : रुंद रस्त्यासाठी अख्खी वस्ती पाडू नका, पडक्या घरांच्या जागा मोकळ्या करा, तिथे झाड लावा, लोक बसतील, मुलं खेळतील.

कागदावरची जागा

जागा नाहीत असं नाही. मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाची आरक्षणं असतात. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्ये उद्यानं आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत. पण आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. मैदान नकाशावरून जातं आणि कुणाला कळतही नाही, कारण ज्यांचं ते होतं ती पोरं तोवर मोठी झालेली असतात.

येवल्यात ‘सार्वजनिक’ हा शब्द हलका वापरता येत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा याच गावात केली. तिच्यामागे तळ्यासाठीचा आणि मंदिरप्रवेशाचा कितीतरी वर्षांचा लढा होता. महाडचं तळं नगरपालिकेच्या ठरावाने आधीच खुलं झालेलं होतं, तरी १९२७ साली तिथलं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्या अपमानाशी झोक्याची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण ठरावात खुली असलेली जागा आणि खरोखर पाय ठेवता येणारी जागा यांतलं अंतर पहिल्यांदा मोजलं ते त्या लढ्याने. दुपारी कुलूप लावलेली बाग, तिकीट लावलेली बाग, चालत पोचता न येणारी बाग यांनाही तोच प्रश्न विचारायला हवा : इथे आज कोण आलं नाही?

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या गावात बागेची फीत कापली जाईल, तेव्हा त्या दिवशी जाऊ नका. मे महिन्यात एखाद्या मंगळवारी जा. जवळच्या वस्तीपासून पावलं मोजत जा. आत गेल्यावर गुडघ्यावर बसा आणि सावली कुठे आहे, पाणी प्यायला नळ कुठे आहे, मुतारी कुठे आहे ते बघा. भावाला कडेवर घेतलेली ताई आली असेल, तर तिला बसायला जागा मिळाली का तेही बघा. मग लिहा. फोन खिशात आहेच, आणि सेल्फी पॉइंटचे फोटो पुरेसे झालेत.