संशोधन-मार्गदर्शिका आणि मजकुराचा पुनर्वापर

ग्रंथालयीन संशोधन-मार्गदर्शिका म्हणजे ग्रंथसूची नव्हे. सूचीने नोंद करावयाची असते. मार्गदर्शिकेने निवड करून अभ्यासकाने प्रारंभ कोठून करावा हे सांगावयाचे असते. 1970 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ग्रंथालयांत ‘पाथफाइंडर’ नावाची जी छापील टिपणे सिद्ध झाली, त्यांचा हेतू हाच होता. पुढे 2007 मध्ये स्प्रिंगशेअर कंपनीची ‘लिबगाइड्स’ प्रणाली आली, अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत रुळली, आणि एकदा लिहिलेला मजकूर किती ठिकाणी वापरावा, हा प्रश्न नित्याचा झाला.

या प्रणालीत मजकूर एका मार्गदर्शिकेतून दुसरीत नेण्याचे दोन मार्ग आहेत. नक्कल केल्यास तिचा मुळाशी संबंध तुटतो. मुळातील पत्ता बदलला तरी नकलेत जुनाच राहतो. जोडणी केल्यास मुळातील दुरुस्ती सर्वत्र पोहोचते, परंतु जोडलेल्या ठिकाणी स्वतंत्रपणे एक शब्दही फिरवता येत नाही. पत्ते, वेळा, प्रवेशाचे नियम यांना जोडणीच योग्य, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. वाद आहे तो अभिप्रायाविषयी.

मराठीचेच उदाहरण घ्यावे. मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संग्रहात ऑनलाइन पाहावयास मिळते. ‘मराठी-इंग्रजी शब्दकोश’ एवढे वर्णन लिहून ते भाषाविज्ञान, इतिहास आणि साहित्य या तिन्ही मार्गदर्शिकांत जोडले, तर त्यात असत्य काहीच नाही. उपयोगही जवळजवळ काही नाही. 1832 साली निघालेल्या ‘दर्पण’चे अंक वाचणाऱ्यास हा कोश समकालीन साक्षीदारासारखा आहे, कारण त्याची पहिली आवृत्ती 1831 ची. महानुभावांचे गद्य वाचणाऱ्यास मात्र त्याच संग्रहातील तुळपुळे-फेल्डहाउस यांच्या प्राचीन मराठीच्या कोशाकडे (1999) वळवावयास हवे. नव्याने मराठी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला मॅक्सीन बर्नसन यांचा छोटा कोश अधिक सोयीचा. शिवाय 1962 च्या लेखननियमांनी गाळलेले अनुस्वार मोल्सवर्थमध्ये आहेत. ‘नाव’ शोधणाऱ्याला तेथे होडी सापडेल. ‘नाम’ या अर्थाचा शब्द ‘नांव’ असा शोधावा लागतो. ही एक ओळ विद्यार्थ्याची दुपार वाचवते, आणि नेमकी अशीच ओळ सर्वांना चालेल अशा मजकुरातून प्रथम गळते. ज्याला ती मिळत नाही, तो कोशात शब्दच नाही असे मानून उठतो.

एकच कोश तीनदा लिहिण्याचे श्रम कोणी घ्यावे, हा आक्षेप रास्त आहे. मनुष्यबळ तोकडे असलेल्या ग्रंथालयात सारेच नव्याने लिहा म्हणणे हा केवळ उपदेश ठरेल. परंतु येथे पुन्हा लिहावयाच्या असतात त्या दोन-तीन ओळी. डेटाबेसच्या नोंदींपुरती तशी सोय प्रणालीने केलेलीही आहे: नोंद आणि पत्ता सामाईक राहतात, वर्णन तेवढे त्या त्या ठिकाणापुरते निराळे देता येते. कोशसंग्रहाची नोंद याच प्रकारात घातल्यास पत्त्याची दुरुस्ती एकदाच करावी लागेल, आणि इतिहासाच्या मार्गदर्शिकेत अनुस्वाराची सूचना देण्यास काहीही आडवे येणार नाही.