हेगने बाजूला ठेवलेला प्रश्न

दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीवर मराठीत जे लिहिले गेले आहे, ते बहुतेक शौर्यकथेच्या साच्यात आहे. पुण्याहून निघालेले तरुण, ऐन पावसाळ्यातला चिखल, अपुरी हत्यारे, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्व्हासात फडकलेला तिरंगा. सुधीर फडके, राजा वाकणकर, नाना काजरेकर, विश्वनाथ लवंदे ही नावे पुन:पुन्हा येतात. शस्त्रांच्या खर्चासाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या, तो प्रसंगही येतो. या मंडळींनी जीव धोक्यात घातला होता, त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. माझा आक्षेप साच्याबद्दल आहे. त्यात एक पात्र बसत नाही, म्हणून ते कथेतून गळून पडले आहे. ते पात्र म्हणजे भारत सरकार.

सरकारची जाहीर भूमिका सर्वांना ठाऊक होती. पोर्तुगीज वसाहतींचा प्रश्न शांततेने सोडवायचा, हे नेहरूंचे धोरण. जून १९५३ मध्ये लिस्बनमधली आपली वकिलात आपण बंद केली, पण सैन्य पाठवायचे नाही असे ठरले होते. मग २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री दादरा पडले, पोलीस अधिकारी आनिसेतो रोझारियो मारला गेला, आठवड्याभरात नरोली गेली, आणि दमणहून एकही शिपाई मदतीला पोहोचू शकला नाही. का नाही? कारण दमण आणि हवेली यांच्यामध्ये भारताची भूमी होती आणि तिथे मुंबई राज्याचे राखीव पोलीस उभे होते. त्यांचे अधिकारी जे. डी. नगरवाला, गांधीहत्येच्या तपासामुळे हे नाव वाचकांच्या ओळखीचे असेल. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. माझ्या वाचनातल्या आठवणींत नगरवाला भेटतात, पण एक सहृदय, देशभक्त अधिकारी म्हणून. एवढा मोठा बंदोबस्त एका अधिकाऱ्याच्या सहृदयतेवर उभा राहत नाही, असे मात्र कोणी लिहीत नाही.

इथे भूगोल कागदपत्रांपेक्षा जास्त बोलतो. मी राहतो त्या वसईच्या एव्हरशाईन सिटीतून पावसाळ्यात सिल्व्हासा, खानवेल, दूधनीच्या सहली निघतात. तलासरीवरून गेले तर हद्दीच्या अलीकडे उधवा लागते. उधवा आज आमच्याच पालघर जिल्ह्यात. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. सिल्व्हासा सोडून खानवेलकडे हटलेला पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो ११ ऑगस्ट १९५४ रोजी शरण आला तो उधव्याला. म्हणजे हवेलीच्या हद्दीबाहेर, भारताच्या भूमीवर, भारतीय पोलिसांपुढे. मुक्तिसैनिकांच्या कथेत हा प्रसंग शेवटाकडे एका वाक्यात उरकला जातो. माझ्या मते सगळी कथा तिथूनच वाचायला सुरुवात केली पाहिजे.

पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. मागणी होती दमणहून हवेलीपर्यंत जाण्या-येण्याच्या हक्काची. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. या खटल्यापुरते न्यायासनावर छगला बसले. निकाल १२ एप्रिल १९६० चा. मराठी वाचकाने हा निकाल एकदा तरी वाचावा, कारण त्यात आपली मोडी दफ्तरे हेगपर्यंत गेलेली दिसतात. पोर्तुगालचे म्हणणे, १७७९ च्या तहाने पेशव्यांनी या गावांचे सार्वभौमत्व दिले. न्यायालयाने मराठी मजकुराचा आधार घेऊन सांगितले, नाही. दिला तो वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल, सरंजामासारखा. पोर्तुगीज सार्वभौम झाले ते पुढे, इंग्रजांनी ते मुकाट्याने मान्य केल्यामुळे. नाना फडणविसांच्या काळातल्या शब्दाशब्दाचा असा कीस सातासमुद्रापलीकडे पाडला गेला, याचे मला अजून अप्रूप वाटते.

मात्र १७७९ चा शब्द इतका बारकाईने वाचणारे न्यायालय १९५४ च्या जुलैपाशी येते तेव्हा त्याची नजर दुसरीकडे वळते. हा तिथल्या जनतेचा उठाव, ही भारताची भूमिका. हल्ला बाहेरून झाला, ही पोर्तुगालची तक्रार. दादरा कोणी पाडले, याचा निर्णय न्यायालयाने दिला नाही. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्याचा हक्क होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता, असे आठ विरुद्ध सात. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहा. या शेवटच्या निर्णयामागचे कारण फार बोलके आहे. दादरा पडल्यामुळे आसपासच्या भारतीय प्रदेशात तणाव निर्माण झाला होता, तो पाहता वाट नाकारणे भारताच्या नियंत्रणाच्या अधिकारात बसते, असे न्यायालय म्हणाले. ज्या घटनेचा कर्ता विचारला नाही, तीच घटना भारताच्या बचावाचा आधार ठरली. वकिलीचे यश म्हणून हे थोरच आहे. इतिहासाचे काम मात्र तिथे अडून राहिले.

त्याच उन्हाळ्यात, २७ जूनला, ग्वातेमालाचे निवडून आलेले अध्यक्ष आर्बेन्झ पायउतार झाले. सी. आय. ए. ने उभ्या केलेल्या फौजेचा म्होरक्या कास्तियो आर्मास ग्वातेमालाचाच होता, म्हणून अमेरिका म्हणू शकली की हे तिथलेच लोक. दोन्ही घटना एका तागडीत घालणे मला मान्य नाही. तिथे लोकांनी निवडलेले सरकार पाडले, इथे परकी सत्ता हटवली. पण नाकारण्याची भाषा तीच होती. फरक पुढे पडला. अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्या कारवाईचे दस्तऐवज २००३ मध्ये खंडरूपाने छापले. आपल्याकडे असा खंड नाही, आणि तो मागावा असे आपल्या संशोधकांनाही फारसे वाटलेले नाही. शौर्यकथा हाताशी असताना कागद कशाला?

या मौनाची किंमत दोघांनी मोजली. एक, स्वत: मुक्तिसैनिक. सरकारने ज्यांना अधिकृतपणे ओळखायचेच नव्हते, त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळायला पुढे कित्येक वर्षे गेली. दुसरे, वारली आणि इतर आदिवासी. भारताच्या भूमिकेला ‘तिथली जनता’ हवी होती, आणि तिथली जनता म्हणजे मुख्यत: हेच लोक. तलासरी-डहाणूत १९४५ पासून लाल बावट्याखाली त्यांची चळवळ होती. गोदावरी परुळेकरांनी ती ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवली. हवेलीच्या लढ्यात कम्युनिस्ट गटही उतरले होते. तरीही हेगच्या कैफियतीत हा आदिवासी बिननावाचा राहिला, आणि आपल्या आठवणींत वाटाड्या. संघवाले, गोमंतक दलवाले आणि लाल बावटेवाले श्रेयासाठी एकमेकांशी भांडले. त्या भांडणात पोलिसांची नाकेबंदी कोणाच्याच वाट्याला नको होती, कारण ती मान्य केली की प्रत्येकाचा पराक्रम थोडा कमी होतो. सरकारला हवे तेच मौन आपल्या लेखकांनी आपापल्या कारणांसाठी पाळले.

हवेली १९६१ पर्यंत नावाला स्वतंत्र होती. वरिष्ठ पंचायत कारभार पाही. विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कोणी शासनप्रमुख हवा, म्हणून भारत सरकारच्याच सेवेतले के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते हवेलीचे पंतप्रधान करण्यात आले. एका बाजूला नेहरू, दुसऱ्या बाजूला बदलानी. विलीनीकरण ११ ऑगस्ट १९६१ चे, फिदाल्गोच्या शरणागतीला बरोबर सात वर्षे झाली त्या दिवशीचे. या सात वर्षांचा इतिहास लिहिणाऱ्याने पुण्याच्या आठवणी वाचाव्यातच, पण आधी मुंबई राज्याच्या राखीव पोलिसांच्या जुलै-ऑगस्ट १९५४ मधल्या बदल्या, तळ आणि भत्त्यांची बिले मागावीत. भत्त्याच्या बिलात कोण, कुठे, किती दिवस होता ते लिहिलेले असते.