चांदोरीचे वकील आणि लासलगांवचा कांदा

निफाड तालुक्याचें नांव निघालें म्हणजे लोकांस लासलगांव आठवतें, आणि लासलगांव आठवलें म्हणजे कांदा. हें साहजिकच आहे. १९४७ सालीं स्थापन झालेल्या तेथील बाजार समितीच्या आवारांत जो भाव पुकारला जातो, त्याचा परिणाम ढाक्यापासून दुबईपर्यंतच्या स्वयंपाकघरांवर होतो. परंतु त्याच तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं चांदोरी म्हणून एक गांव आहे, आणि तेथील हिंगणे घराण्यानें अठराव्या शतकांत पेशव्यांची दिल्लीची वकिली बापाकडून मुलांकडे चालविली, ही गोष्ट लासलगांवच्या सुशिक्षित घरांतूनहि फारशी कोणास ठाऊक नसते. या घराण्याचे कागद ग. ह. खरे यांनीं संपादिले व भारत इतिहास संशोधक मंडळानें ते ‘हिंगणे दप्तर’ या नांवानें प्रसिद्ध केले, त्यास आतां पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

आमच्या अभ्यासकांनीं या दप्तराकडे पाहिलें नाहीं, असें नव्हे. इतिहासकारांनीं त्यांतून तिथी, मुक्काम व लढायांचे तपशील वेंचले. भाषेच्या रसिकांनीं त्यांतील फारशीमिश्रित मराठीचा ठसका वाखाणला. परंतु हीं पत्रें मुख्यतः एका कचेरीचीं पत्रें आहेत, ही साधी बाब दोघांच्याहि नजरेंतून बरीचशी निसटली. परराष्ट्र खातें म्हटलें कीं आमच्या मध्यमवर्गीय वाचकांच्या डोळ्यांपुढें गालिचे, मेजवान्या आणि हस्तांदोलनाचीं छायाचित्रें उभीं राहतात. वास्तविक त्या खात्याचा सारा प्राण कागदांत असतो. कोणी कोणास लिहावें, उत्तर कोणाच्या सहीनें जावें, आणि दोन उत्तरें परस्परविरुद्ध गेलीं तर खरें कोणतें मानावें, या तीन प्रश्नांवर परराष्ट्रव्यवहार तरतो किंवा बुडतो. हिंगण्यांचे कागद या दृष्टीनें वाचावे, अशी आमची सूचना आहे.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळीं, १६७४ सालीं, परराज्यांचा व्यवहार पाहणारा स्वतंत्र प्रधान होता. त्यास सुमंत किंवा डबीर म्हणत, आणि तें पद त्या वेळीं रामचंद्र त्रिंबक यांजकडे होतें. पुढें पेशव्यांचें महत्त्व वाढलें तसें अष्टप्रधानांतील इतर पदांप्रमाणें सुमंतांचें पदहि वंशपरंपरागत मानापुरतें उरलें आणि खरें काम पुण्याच्या दप्तरांत शिरलें. म्हणजे राज्य वाढत असतां तें काम पाहणारा प्रधान मात्र लोप पावला! उरले ते पुण्याचे मुत्सद्दी आणि दूरच्या दरबारांतील वकील. महादेवभट हिंगणे हे मूळचे नाशिकचे तीर्थोपाध्याय. बाळाजी विश्वनाथाच्या १७१८-१९ च्या दिल्लीच्या स्वारीबरोबर ते तिकडे गेले आणि बादशाही दरबारांत मराठ्यांचे वकील झाले. त्यांच्यामागें बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम व देवराव या मुलांनीं तें काम पुढें नेलें.

घराण्याकडे वकिली राहण्यांत लाभ होता, हें कबूल केलें पाहिजे. दिल्लीचा अमीर कोण, त्याचा दिवाण कोण, कोणत्या दारानें आंत जावें, हें ज्ञान एका आयुष्यांत येत नाहीं. पण तोटाहि तितकाच मोठा होता. वकिलाचे त्या शहरांत स्वतःचे हितसंबंध वाढतात, आणि कोणती बातमी राज्याच्या उपयोगाची व कोणती घराण्याच्या सोयीची, हें पुण्यास बसून ओळखणें कठीण होतें. दिल्लीस मराठी फौज घेऊन राहिलेले अंताजी माणकेश्वर आणि वकील हिंगणे यांचें जें वैर जुंपलें, त्यांत दोघांनींहि एकमेकांविरुद्ध पुण्यास लिहिलें. पत्रें वाचणारास प्रथम याची गंमत वाटते, नंतर खेद. एकाच राज्याचे दोन प्रतिनिधि परशहरांत एकमेकांचीं गाऱ्हाणीं लिहीत बसले, आणि दोघांवर अंमल चालविणारा अधिकारी आठवडे लागतील इतक्या अंतरावर.

याहून कठीण प्रकरण जयपुरचें. सवाई जयसिंग १७४३ सालीं वारल्यावर ईश्वरीसिंग व माधोसिंग यांच्यांत गादीचा तंटा लागला. शिंद्यांचा कल ईश्वरीसिंगाकडे, होळकरांचा माधोसिंगाकडे. पेशव्यांचें धोरण कोणतें, हें जयपुरच्या दरबारास कसें कळावें? ज्या सरदाराची फौज जवळ, तोच त्या दिवसापुरता मराठी राज्याचा शब्द. १७५० च्या डिसेंबरांत ईश्वरीसिंगानें आत्मघात केला, आणि पुढच्याच महिन्यांत जयपुरांत मराठ्यांची कत्तल झाली. त्या कत्तलीचें सगळें खापर रजपुतांच्या क्रौर्यावर फोडणें आम्हांस मान्य नाहीं. ज्या दरबारानें एकाच मित्राकडून दोन वेळां दोन तऱ्हेचे शब्द ऐकले, त्याचा विश्वास कशावर बसावा?

आतां आजच्या व्यवस्थेकडे वळूं. हिंदुस्थान सरकारचें परराष्ट्र खातें कंपनीच्या कलकत्त्याच्या सरकारांत १७८३ सालीं निर्माण झालें. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ऑक्टोबर १९४६ मध्यें, भारतीय परराष्ट्र सेवा स्थापण्याचा निर्णय झाला. वर मंत्री, त्यांच्याखालीं परराष्ट्र सचिव व इतर सचिव, त्यांच्याखालीं सहसचिवांकडे सोंपविलेले प्रादेशिक विभाग, अशी त्याची उतरंड आहे. बांगलादेश व म्यानमार यांचा एक विभाग, आखाती देशांचा एक. शिवाय राजशिष्टाचार, तह व कायदा, पारपत्रें यांचीं निराळीं दालनें. नाशिकच्या मतदारांनीं १९६३ सालीं बिनविरोध लोकसभेवर पाठविलेले यशवंतराव चव्हाण १९७४ ते १९७७ या काळांत या खात्याचे मंत्री होते. राम साठे आणि विजय गोखले या मराठी गृहस्थांनीं त्याचें सचिवपद भूषविलें. ज्ञानेश्वर मुळे यांनीं याच सेवेंत राहून ‘माती, पंख आणि आकाश’ लिहिलें. पण तो एका खेड्यांतल्या मुलाच्या आयुष्याचा प्रवास. कचेरीची रचना हा त्याचा विषय नव्हे. आमच्या मराठींत परराष्ट्र खात्याच्या मेजावरचें वाङ्मय जवळजवळ नाहींच, आणि तें नाहीं म्हणूनच पुढील प्रकार आम्हांस समजत नाहीं.

२९ सप्टेंबर २०१९ रोजीं कांद्याची निर्यात एकाएकीं बंद करण्यांत आली. त्याच आठवड्यांत बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लींत आल्या आणि व्यापाऱ्यांच्या सभेंत त्यांनीं, आपण आपल्या स्वयंपाक्यास कांदा न वापरण्यास सांगितलें आहे, असें हंसत हंसत सांगून, पुढच्या वेळीं आगाऊ कळवाल तर बरें, अशी विनंती केली. पुढची वेळ एका वर्षांतच आली. १४ सप्टेंबर २०२० रोजीं पुन्हां बंदी झाली, आणि या वेळीं विनोद नव्हता. बांगलादेशच्या परराष्ट्र खात्यानें आधींच्या बोलण्यांचा हवाला देऊन लेखी चिंता कळविली.

हें असें कां घडावें? दिल्लींतील कामांची वांटणी ठरविणारे १९६१ चे नियम पाहिले कीं उलगडा होतो. परदेशाशीं होणारा व्यापार वाणिज्य खात्याकडे, आणि बंदीची अधिसूचना १९९२ च्या कायद्याखालीं त्या खात्याच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची. निर्यातशुल्क अर्थखात्याचें. भाव चढले कीं हांक मारणारें ग्राहक व्यवहार खातें निराळेंच. यांपैकीं एकहि परराष्ट्र खातें नव्हे. परंतु बंदी झाल्यावर ढाक्यांतील भारतीय उच्चायुक्ताच्या हातीं जें चिंतेचें पत्र पडतें, त्याचें उत्तर देणें मात्र परराष्ट्र खात्याकडे! शिंदे एक बोलले, होळकर दुसरें बोलले, आणि जाब विचारला वकिलास.

अंतर्गत भाव हाताबाहेर जात असतां सरकारनें स्वस्थ बसावें, असें आमचें म्हणणें नाहीं. शहरांतील गरीब कुटुंबास कांदा परवडला पाहिजे, हा विचार क्षुद्र नव्हे. पण उपाय कसा योजिला जातो, तें पाहावें. ऑगस्ट २०२३ मध्यें निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलें, तेव्हां नाशिक जिल्ह्यांतील व्यापाऱ्यांनीं लिलाव बंद ठेविले. ऑक्टोबरांत टनामागें ८०० डॉलर किमान निर्यातभाव ठरला. ८ डिसेंबरास संपूर्ण बंदी. मग १ मार्च २०२४ रोजीं मित्रराष्ट्रांसाठीं खिडकी उघडली : बांगलादेशास ५०,००० टन व संयुक्त अरब अमीरातींस १४,४०० टन, तेंहि एका राष्ट्रीय सहकारी संस्थेमार्फत. एप्रिलांत पांढऱ्या कांद्याच्या २,००० टनांस निराळी परवानगी मिळाली, ती गुजरातेंतील मालासाठीं असल्यानें इकडे जो संताप झाला तो आम्हांस अनाठायीं वाटत नाहीं. ४ मे २०२४ रोजीं बंदी उठली, पण शुल्क राहिलें. तें १ एप्रिल २०२५ पासून गेलें. दोन वर्षांच्या आंत एकाच जिन्नसाबाबत इतके हुकूम! ज्या शेतकऱ्यानें उन्हाळ कांदा चाळींत भरून ठेविला, त्यानें कोणत्या हुकमावर भरंवसा ठेवावा, आणि चितगांवच्या आयातदारानें कोणत्या?

मित्रराष्ट्रांस ठरलेला कोटा देण्याची ती रीत आम्हांस अर्धीच पसंत आहे. विनंती करणाऱ्या सरकारास कांहीं मिळतें, म्हणून परराष्ट्र खात्याची लाज राहते. परंतु माल एकाच दारानें जाऊं लागला कीं लासलगांवच्या आवारांतील भाव आणि आखाती बंदरांतील भाव यांच्यांतला फरक कोणाच्या पदरांत पडतो, हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारण्यास परराष्ट्र खात्याच्या विभागांत मेज नाहीं. आमच्या मतें अधिसूचना निघण्यापूर्वीं ती संबंधित प्रादेशिक विभागाच्या सहसचिवांच्या नजरेखालून जाणें सक्तीचें असावें. त्यांस ती अडविण्याचा अधिकार नको, पण दुसऱ्या राजधानीस आगाऊ कळविण्याइतके दिवस मिळालेच पाहिजेत. बंदरांत पोंचलेल्या गाड्या व भरलेलीं जहाजें यांस सूट मिळावी, हेंहि त्याच नियमांत लिहितां येईल.

हिंगणे दप्तराविषयीं शेवटीं एक तक्रार. मोडींतून उतरविलेला हा मजकूर घरच्या वाचकांस जड जातो : फारशी शब्द, मुसलमानी महिने, शुहूर सनाचीं वर्षें. निवडक पत्रांची सुटसुटीत आवृत्ति, शब्दार्थ व इसवी तारखांसह, आणि कोणी कोणास कोणत्या नात्यानें लिहिलें हें प्रत्येक पत्राच्या माथ्यावर नमूद करून, कोणी काढील तर ती चांदोरीच्या वाड्यापासून लासलगांवच्या शाळेपर्यंत वाचली जाईल. आरंभ जयपुरच्या तंट्याच्या वर्षांपासून करावा, असें आम्ही सुचवितों.