कट आणि कटकट

कोल्हापुरात माणसाला स्वतःचं घर नसलं तरी चालतं, मिसळीबद्दल स्वतःचं मत मात्र असावं लागतं. ते नसेल तर लग्नाच्या पंगतीत शेजारचा गृहस्थ संशयानं बघतो आणि विचारतो, "पाव्हणं कुठल्या गावचं?" मत मोघम असूनही भागत नाही. उद्यमनगरातली फडतऱ्यांची, महाद्वार रोडची चोरग्यांची, कसबा बावड्याची की खासबागेची, हे एकदाचं सांगून टाकावं लागतं आणि मग गायकाच्या घराण्यासारखं मुलाबाळांना पुढं चालवावं लागतं. आमच्या ओळखीत एका घरी नवरा बावड्याचा आणि बायको महाद्वार रोडची. रविवारी सकाळी दोघं दोन दिशांना जातात. संसार सुखाचा आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानात कुस्ती निकाली होत असेल, मैदानाबाहेर मिसळीवर जी जुंपते ती आजवर बरोबरीतच सुटत आलेली आहे.

मी या प्रांतातला पंडित नव्हे. माझा तिखटाचा सगळा व्यासंग आम्लपित्ताची गोळी खिशात ठेवून झालेला. पण सकाळी नऊच्या सुमाराला, बेताच्या पैशात, पोट आणि मन दोन्ही भरावं एवढ्या माफक अपेक्षेनं मी बरीच वर्षं या गावात हिंडलो आहे, आणि त्या हिंडण्याच्या जोरावर चार शब्द बोलायचा हक्क सांगतो.

पहिली परीक्षा कटाची. बाहेरगावच्या लोकांची समजूत अशी, की कोल्हापुरी म्हणजे तिखटजाळ, आणि डोळ्यांतून पाणी आलं की पैसे वसूल. ही समजूत हायवेवरच्या हॉटेलांनी पोसलेली आहे. नुसतं रडवायला काय अक्कल लागते? ते काम कांदासुद्धा करतो, आणि बिल लावत नाही. चांगल्या कटात आधी वास येतो. भाजलेल्या खोबऱ्याचा, लसणीचा, तेल सुटेपर्यंत परतलेल्या कांद्याचा. मग चव येते. तिखट हे समारंभाच्या अध्यक्षासारखं सगळ्यांत शेवटी यावं आणि आल्यावर लवकर उठू नये. जिथं तेच पुढं धावत येतं तिथं खुशाल समजावं, की मसाला परतायचा कंटाळा करून तेलात लाल पूड ढवळली आहे. वरचा तवंग दोन्हीकडं सारखाच लाल दिसतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नये.

खरं कर्तृत्व चटणीचं. कोल्हापुरात चटणी म्हणजे इडलीबरोबरची पांढरी नव्हे. ही कांदा-लसणाची, उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षाची भरून ठेवायची. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी ठसक्याला. प्रमाण प्रत्येक घरचं निराळं, आणि सासू ते सुनेला तिजोरीच्या किल्ल्यांनंतर सांगते. ही मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणली, असं इतिहास सांगतो. एका तालमीच्या कट्ट्यावर मी हे सांगून पाहिलं. सगळे गप्प झाले. मग एकजण म्हणाला, "मग त्याच्या आधी लोक जगत कशाला हुती?"

दुसरी परीक्षा रचनेची. खाली मटकीची उसळ, दाणा शिजलेला पण शाबूत. तिच्यावर बटाट्याची भाजी, मग शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, आणि कट शेवटी, तोही बेतानं. कट पडला की घड्याळ सुरू. शेव कुरकुरतेय तोवर ती मिसळ, नंतर नुसतीच आमटीत पडलेली शेव. माझा एक भाचा हाँगकाँगला असतो. तिकडं वॉनटन नूडल्स म्हणून एक प्रकार आहे: पातळ पारीत कोळंबी आणि डुकराचं मांस भरलेल्या पुरचुंड्या, अंड्याच्या बारीक शेवया आणि सुकवलेल्या माशांचा गरम रस्सा. हाही मूळचा साध्या माणसाचा, गर्दीच्या दुकानात अनोळखी खांद्याला खांदा लावून खायचा पदार्थ. त्यात म्हणे वाडग्याच्या तळाशी चमचा, त्यावर पुरचुंड्या आणि शेवया सगळ्यांत वर. का, तर रस्स्यात भिजून त्या लिबलिबीत पडू नयेत. वाडगाही मुद्दाम लहान. हे ऐकून मला ग्वांगझौकडच्या त्या अज्ञात आचाऱ्याबद्दल एकदम भाऊबंदकी वाटली. हजारो मैलांवर तोही बिचारा शेव मऊ पडू नये म्हणूनच झुरत होता!

हाँगकाँगातल्या असल्या दुकानांची यादी २००९ सालच्या आवृत्तीपासून मिशलिन ही फ्रान्समधली टायरची कंपनी छापते. टायरवाल्याला खाण्यातलं काय कळतं, असं विचारू नका. कोल्हापुरातही हे खातं चाकावरच चालतं. एसटी स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला विचारावं. त्याचे टायर गुळगुळीत असतात, पण निकाल पक्का असतो. मी एका नव्या, काचेच्या दरवाजाच्या मिसळगृहाबद्दल एकाला विचारलं, तर तो आरशातून बघत म्हणाला, "तितं नको. कट मागितला की पोरगं आधी मालकाकडं बघतंय."

यापेक्षा नेमकी समीक्षा मला लिहिता येणार नाही. कारण मिसळीतला जादा कट हा हिशेबातला पदार्थच नव्हे. तांब्यातून पाणी वाढावं तसा तो वाढायचा असतो, "सोडू का?" एवढंच विचारून. पुण्यात त्याला सॅम्पल म्हणतात, नागपुरात तर्री. नावावर माझा आक्षेप नाही. पावाबद्दल मात्र आहे. मुंबईचा पाव कट पितो आणि फुगून बसतो. आमचा ब्रेडचा स्लाइस कट उचलतो आणि तोंडापर्यंत पोचवतो. २०१५ साली लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली, तेव्हा इथं कुणी सुतक पाळलं नाही इतकंच. "पावाबरोबर?" एवढा एकच प्रश्न ऐकू आला.

आता मिसळीची थाळी झाली आहे. पापड, ताक, गुलाबजाम, आणि मध्ये कुठंतरी मिसळ, भाडेकरूच्या घरात घरमालक राहावा तशी. बाहेर बैलगाडीचं चाक टांगलेलं. हे सगळं ज्याला हवं त्यानं खावं. पण मिसळ ही मुळात उद्यमनगरात लेथवर आणि फाउंड्रीत दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाची न्याहारी. दोन स्लाइस जादा आणि कट दोनदा घेतला की दुपारपर्यंत तो भूक विसरायचा. गुलाबजामचे पैसे त्याच्या माथी मारले, की तो निमूट वडापावाकडं वळतो. त्याची तक्रार कुणाच्या कानावर येत नाही. फक्त बाकावर त्याच्या जागी मोबाइलवर मिसळीचा फोटो काढणारा बसलेला दिसतो, आणि शेव तोवर मऊ पडलेली असते.

सुदैवानं अजून आतल्या गल्ल्यांतून चार बाकांची, पाटी नसलेली ठिकाणं आहेत. तिथं शंभराची नोट मोडली तर चहापुरते पैसे उरतात. जायचं तर रविवार टाळून मंगळवार-बुधवारी जा, आणि सकाळीच, कारण भांडं रिकामं झालं की मालक कुणाचीही भीड न धरता दार ओढून घेतो. लिंबू मागून घ्या. दही शक्यतो मागू नका. मागितलंच तर हळू आवाजात.